ओटा कोणाच्या मापाचा? घर नवं करताना जुन्या गोष्टींवरून होणारी भांडणं

(या भागाचं हे लिखित रूप. लोकलमध्ये ऐकताना मापं आणि आकडे सुटतात, असं तुम्ही बरेच जण सांगता. म्हणून ते इथे नीट लिहिलेत. बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवलाय.)

मध्ये दोन भाग आले नाहीत, त्याचं कारण आज सांगते. आमच्या घरात हातोडा चालू होता. खरं सांगायचं तर हातोडा नंतर सुरू झाला. आधी तीन महिने आमची दोघांची भांडणं चालू होती. आणि विषय काय, तर स्वयंपाकघरातला ओटा.

आमचं घर डोंबिवलीला, १९८६ सालच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, घेतलेलं. माझा नवरा याच घरात मोठा झाला. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. आता घरात आम्ही तिघं: बाबा, हा आणि मी. नळाचे पाइप गंजले होते, बाथरूमची गळती खालच्यांच्या छतावर उतरली होती, आणि सोसायटीचं पत्र आलं होतं. तेव्हा काम काढणं भागच होतं. मग ठरलं, काढतोच आहोत तर पूर्ण घर करून घेऊ.

इथपर्यंत सगळे एका मताचे. मी म्हटलं, "ओटा उंच करून घेऊ या." आणि हा म्हणाला, "ओट्याला हात लावायचा नाही. तो आईच्या मापाचा आहे."

तो ओटा ३१ इंच उंचीचा होता. सासूबाई होत्या चार फूट दहा इंच. मी आहे पाच फूट सात. त्या ओट्याशी अर्धा तास भाजी चिरली की माझी कंबर धरते. सहा वर्षं मी ते चालवून घेतलं होतं. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "मग या घरात माझ्या मापाचं काय आहे?"

पुढचे दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता.

आजचा भाग याच प्रकारच्या भांडणावर आहे. घराचं काम काढल्यावर जोडप्यांचं वाजतं ते काही फक्त टाइल्सच्या रंगावरून नाही. 'हे ठेवायचं की काढायचं' यावरून जास्त वाजतं. आणि त्यात एकाला वाटतं समोरचा दगड आहे, दुसऱ्याला वाटतं समोरचा लहान मूल आहे. असं का होतं, आणि यातून वाट कशी काढायची, ते आज बघू.

वाद नेमका कशावरून होतो?

मी हा विषय काढल्यावर मैत्रिणींकडून, ऑफिसातून इतके किस्से आले की यादीच झाली. हॉलमधला पितळी कड्यांचा झोपाळा. देवघराचा कोनाडा. मोझॅकची फरशी. सागवानी चौकट, जिच्यावर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. बाल्कनीतली तुळस ठेवायची कट्टी. गोदरेजचं कपाट, ज्याचं दार लागताना अख्ख्या मजल्याला कळतं. (हसते) आणि एका घरात तर चक्क दाराची बेल, कारण ती चिमणीसारखी वाजते.

या यादीत महाग असं जवळजवळ काहीच नाही, हे बघा. भंगारवाल्याला दिलं तर फार काही हातात पडणार नाही. मग जीव एवढा का अडकतो?

यावर खूप जुनं एक काम आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि युजीन रॉचबर्ग-हॉल्टन या दोघांनी शिकागो भागातल्या ८२ कुटुंबांतल्या तीनशेहून जास्त लोकांना विचारलं, तुमच्या घरात तुम्हाला खास वाटणाऱ्या वस्तू कोणत्या आणि का? १९८१ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. लोकांनी वस्तूंची नावं सांगितली, पण कारणं सांगताना ते वस्तूच्या किमतीबद्दल किंवा रूपाबद्दल फारसं बोलले नाहीत. माणसांबद्दल आणि आठवणींबद्दल बोलले. म्हणजे 'ही खुर्ची छान आहे' यापेक्षा 'या खुर्चीत आजोबा बसायचे'.

दुसरी गोष्ट अर्थशास्त्रातली. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यांनी वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि म्हटलं, विकायचा असेल तर किती घ्याल? उरलेल्यांना विचारलं, घ्यायचा असेल तर किती द्याल? ज्यांच्या हातात मग होता त्यांनी साधारण दुप्पट किंमत सांगितली. तोच मग, तोच वर्ग. फरक इतकाच की तो काही मिनिटांपूर्वी 'माझा' झाला होता.

आता विचार करा. काही मिनिटांच्या मगाचं हे असं, तर ज्या ओट्यावर चढून बसून तुम्ही शाळेतून आल्यावर पोळीचा लाडू खाल्लात, त्याचं काय होत असेल? नवऱ्याला मी 'वेडा आहेस का' म्हटलं होतं. तो वेडा नव्हता. त्याच्या बाजूने बघितलं तर ओटा खरंच तेवढा मौल्यवान होता, आणि माझ्या बाजूने बघितलं तर तो खरंच एक बुटका काळा दगड होता.

जे बोललं जात नाही ते

इथे मला एक गोष्ट जरा स्पष्ट बोलायची आहे, कारण 'भावना विरुद्ध सोय' असं म्हटलं की ती सुटून जाते.

आमच्याकडे भांडण दिसत होतं असं: नवरा भावनेच्या बाजूला, मी सोयीच्या बाजूला. म्हणजे तो हळवा आणि मी कोरडी. मलाही काही दिवस तसंच वाटलं. मग एका रात्री झोप येईना तेव्हा मी मोजत बसले की या घरात माझ्या लहानपणातलं काय आहे. उत्तर आलं: काहीच नाही.

असणार कुठून? मी या घरात आले ती दोन बॅगा आणि एक ट्रंक घेऊन. माझं माहेर कोल्हापूरचं. आजोबांचा जुना वाडा होता, तो २०१९ मध्ये विकला. आता तिथे चार मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलचं दुकान. म्हणजे घरावरून हळवं व्हायला माझ्याकडे कारण भरपूर होतं. फक्त ते कारण या भिंतींमध्ये नव्हतं. या घरात 'काय ठेवायचं' असा प्रश्न आला की यादी आपोआप त्याचीच होणार. माझ्या वाट्याला फक्त 'काय काढायचं' हे उरणार. आणि मग काढणारी मी वाईट दिसणार.

आपल्याकडे बहुतेक घरांत बाई दुसऱ्याच्या घरात जाते, म्हणून हे बायकांच्या बाबतीत जास्त होतं. पण उलटंही होतं. माझा एक मित्र लग्नानंतर बायकोच्या वडिलांच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याला टेबल लावायला खिडकीजवळची जागा हवी होती, आणि तिथे सासऱ्यांची आरामखुर्ची. तो म्हणाला, "मी हप्ते भरतो, मेंटेनन्स भरतो, पण त्या खुर्चीपुढे मी पाहुणाच आहे." त्याच्या बायकोला हे ऐकून धक्काच बसला, कारण तिला वाटत होतं वाद खुर्चीचा आहे.

तर माझं म्हणणं असं. अशा भांडणात एकजण म्हणत असतो, 'माझं जे होतं ते पुसू नका.' दुसरा म्हणत असतो, 'मलाही इथे कुठेतरी असू द्या.' दोन्ही भावनाच आहेत. फक्त पहिलीला दाखवायला वस्तू असते, दुसरीला नसते. म्हणून दुसरी भावना 'सोय', 'स्टोरेज', 'कंबरदुखी' अशा शब्दांत बोलते. माझी कंबर खरंच दुखत होती हो. पण मी ओरडले ती फक्त कंबरेसाठी नाही.

बाबांनी सांगितलेली गोष्ट

कोंडी फुटली ती बाबांमुळे. तोपर्यंत आम्ही दोघांनी बाबांना विचारलंच नव्हतं. मी गप्प, कारण त्यांना वाईट वाटेल. हा गप्प, कारण बाबा आपल्याच बाजूचे आहेत असं त्याने धरून टाकलं होतं.

एका रविवारी बाबा चहा करत होते. मी बाजूला उभी. ते म्हणाले, "तुला हा ओटा बुटका पडतो ना? वाकतेस तू." मी काय बोलू? मग त्यांनी सांगितलं. १९८६ ला ताबा मिळाला तेव्हा बिल्डरने दिलेला ओटा सासूबाईंना उंच पडत होता. पोळ्या लाटताना खांदे वर जायचे. सहा महिने त्या पाटावर उभं राहून लाटत होत्या. बाबांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी गवंडी बोलावला, सासूबाईंना ओट्यापाशी उभं केलं, कोपरापासून माप घेतलं आणि सगळा ओटा उतरवून पुन्हा घातला. शेजारचे हसले होते. नव्या घराचा ओटा कुणी फोडतं का!

मग बाबा म्हणाले, "तेव्हा तिचं माप घेतलं, कारण तिथे ती उभी राहणार होती. आता तुम्ही दोघं उभे राहता. तुमचं घ्या."

नवरा दारात उभा होता. त्याला ही गोष्ट माहीतच नव्हती. त्याच्या जन्माच्या आधीची होती. त्याने आयुष्यभर ओटा सांभाळला होता, पण त्या ओट्यामागची गोष्ट त्याला त्या दिवशी कळली. तो काही बोलला नाही. दुपारी टेप घेऊन आला आणि म्हणाला, "उभी राहा सरळ."

ठरवायचं कसं? पाच प्रश्न

आता कामाचं बोलू. आमच्या चुकांतून आणि लोकांच्या किश्श्यांतून मी पाच प्रश्न काढलेत. प्रत्येक वादग्रस्त वस्तूला हे लावून बघा. वेगवेगळे बसून लिहा, मग एकमेकांना वाचून दाखवा.

पहिला: मला वस्तू हवी आहे, की तिच्यापाशी जे व्हायचं ते? झोपाळा हवा आहे, की संध्याकाळी सगळ्यांनी हॉलमध्ये बसणं हवं आहे? कधीकधी उत्तर 'झोपाळाच हवा' असं येतं, आणि ते ठीक आहे. पण बऱ्याचदा लक्षात येतं की गेली पाच वर्षं त्या झोपाळ्यावर न घडी केलेले कपडेच बसलेत.

दुसरा: या वस्तूची गोष्ट मला पूर्ण माहीत आहे का? घरातल्या मोठ्यांना विचारा. बहीण-भावांना फोन करा. आमच्या नणंदबाई पुण्यात असतात, तिला आम्ही व्हिडिओ कॉल केला. तिला ओट्याचं काहीच नव्हतं. तिचा जीव निघाला भलत्याच गोष्टीत, बेडरूमच्या दाराच्या चौकटीत. तिच्या आणि हिच्या भावाच्या उंचीच्या खुणा तिथे आहेत. आम्ही ती चौकट काढणारच होतो! फोन केला नसता तर ती आम्हाला कधीच माफ करती ना.

तिसरा: याची रोजची किंमत कोण देतंय? आठवण एकाची आणि कंबर दुसऱ्याची, असं तर नाही ना? ज्याला ठेवायचंय तो धूळ पुसणार का, पॉलिश करून घेणार का, त्याची जागा स्वतःच्या वाट्यातून देणार का?

चौथा: पूर्ण ठेवणं आणि पूर्ण काढणं यांच्यामध्ये काय काय आहे? जागच्या जागी ठेवणं, जागा बदलणं, वेगळ्या कामाला लावणं, एक तुकडा ठेवणं, कुणा नातेवाइकाला देणं, नुसता फोटो ठेवणं. भांडताना आपल्याला दोनच पर्याय दिसतात. कागदावर सहा तरी निघतात.

पाचवा, आणि माझ्यासाठी हाच महत्त्वाचा: या यादीत दोघांचंही काहीतरी आहे का? ज्याचं लहानपण या घरात नाही, त्याने बाहेरून काय आणायचं? हा प्रश्न ठेवणाऱ्याने विचारायचा. दुसऱ्याला मागायला लावायचं नाही.

जिथे भावनेचं चालत नाही

आता थोडा खडूसपणा. तीन गोष्टींत भावनेला मत नाही: पाणी, वीज आणि भार.

पाणी म्हणजे जुने जीआय पाइप. आतून गंजून त्यांचं भोक पेन्सिलीएवढं उरतं. वरची फरशी आजीने पसंत केलेली असली तरी खालचा पाइप बदलायचा असेल तर ती उचलावी लागते. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग अर्धवट करून जुन्या टाइल्स वाचवल्या, तर खालच्या मजल्यावरचे लोक तुमच्या आठवणींचा हिशोब मागतील.

वीज म्हणजे जुनं वायरिंग. तेव्हाच्या घरांत एसी, गिझर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन एवढं सगळं एकदम चालेल असं कुणी धरलं नव्हतं. जुने काळे स्विच आवडत असतील तर फ्रेम करून भिंतीवर लावा. वापरू नका.

आणि भार. आरसीसीच्या इमारतीत कॉलम, बीम आणि स्लॅब यांना हात लावायचा नाही, 'फक्त दोन इंच' सुद्धा नाही. झोपाळ्याच्या कड्या जिथून लटकतात तिथला स्लॅब जुना असेल, पोपडे निघत असतील, सळई दिसत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. माझ्या मैत्रिणीकडे इंजिनिअरने झोपाळा उतरवायला सांगितला. नवरा-बायकोचं वर्षभराचं भांडण एका मिनिटात संपलं. आता तोच सागवानी पाट, त्याच पितळी कड्या, पण लोखंडी स्टँडवर. काम सुरू करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यायची, हे सांगायला नकोच.

याच्या उलट, काही जुन्या गोष्टी ठेवणं भावनेशिवायही शहाणपणाचं असतं. मोझॅकची फरशी घ्या. सिमेंटमध्ये संगमरवराच्या बारीक चिपा घालून केलेली ती टाइल जाड असते. ती मशीनने घासून पुन्हा पॉलिश करता येते, एकदा नाही, अनेकदा. आमच्या हॉलची फरशी काढावी असं माझं मत होतं. मग हिशोब केला: शंभर चौरस फूट फरशी खालच्या थरासकट तीन इंच जाडीची धरली, तर साधारण दीड टन राडारोडा निघतो. तिसऱ्या मजल्यावरून, गोण्यांतून, खांद्यावर. आणि जुन्या फरशीवरच नवी चिकटवली तर जमीन अर्ध्या इंचाच्या आसपास वर येते, सगळी दारं खालून कापावी लागतात, शिवाय स्लॅबवर वजन वाढतं ते वेगळंच. आम्ही पॉलिश करून घेतली. आता पायाला गार लागते आणि दिसतेही झकास. इथे मी हरले, आणि बरंच झालं.

मग ओट्याचं काय झालं?

आधी मापाचं सांगते, कारण हे तुम्हाला उपयोगी आहे. सरळ उभं राहा, चप्पल घरात घालत असाल तर घालून. कोपर काटकोनात दुमडा. जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. चिरण्या-निवडण्याच्या कामासाठी ओटा त्याच्या खाली साधारण चार ते सहा इंच असावा. कणीक मळणं, पोळ्या लाटणं यात वरून जोर द्यावा लागतो, म्हणून तिथे आणखी थोडा खाली चालतो. माझ्या मापाने ३७ येत होते, नवऱ्याच्या मापाने ३८. बाबा आमच्याहून बुटके, आणि सकाळचा चहा तेच करतात. म्हणून ३६ ठरलं.

जुना ओटा कडाप्प्याचा होता. आंध्रातल्या कडपा जिल्ह्यावरून त्याला हे नाव पडलं. तो चुनखडीचा दगड, म्हणून लिंबू-चिंच सांडली की त्यावर पांढुरके डाग पडतात. आमच्या ओट्यावर असे चाळीस वर्षांचे डाग होते. आणि एका जागी, जिथे पोळपाट असायचा, दगड हाताला गुळगुळीत लागायचा. नवऱ्याचं म्हणणं, पूर्ण लादी अखंड काढून खिडकीपाशी बसायला कट्टा करू. मिस्त्री म्हणाले, "साहेब, प्रयत्न करतो, पण ही भिंतीत घुसलेली आहे. अखंड येईल असं सांगत नाही."

नाही आली. तिचे तीन तुकडे झाले.

तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला. हा गॅलरीत जाऊन उभा राहिला. मला तोपर्यंत वाटत होतं की माझं म्हणणं मान्य झालं की मला आनंद होईल. झाला नाही. मी पण गॅलरीत गेले. काही सुचलं नाही बोलायला. 'जाऊ दे रे, दगडच होता' हे वाक्य तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. त्या दिवशी मी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच असेल.

सगळ्यात मोठा तुकडा तीन फुटांचा निघाला, आणि नशिबाने गुळगुळीत जागा त्यातच होती. मिस्त्रींनी कडा घासून दिल्या. आता नव्या ग्रॅनाइटच्या ओट्याच्या टोकाला, खिडकीकडे, तो तुकडा ३२ इंचांवर बसवलाय. पोळ्या तिथे लाटतो. एक कोपरा उडालेला आहे, तो तसाच दिसतो. पोळ्या बहुतेक वेळा नवराच लाटतो, कारण 'आईची जागा' असं तोच म्हणतो. मी म्हटलं, अगदी बरोबर, तुझ्या आईची जागा, तूच लाट. (हसते)

आणि पाचव्या प्रश्नाचं उत्तर: माझ्या ट्रंकेत वाड्याच्या खुंट्या होत्या. सात लाकडी खुंट्या, वाडा पाडायच्या आदल्या आठवड्यात मी भिंतीतून काढून आणलेल्या. आजोबांची टोपी, आजीची पिशवी, आम्हा पोरांची दप्तरं त्यांना लटकायची. लग्नानंतर सहा वर्षं त्या ट्रंकेतच होत्या, कारण 'कुठे लावणार, ही तर त्यांची भिंत'. नवऱ्याने विचारलं, "तुझं काय लावायचं?" मी खुंट्या काढल्या. आता त्या दारामागच्या भिंतीवर एका फळीत बसवल्यात. आमच्या किल्ल्या, बाबांची छत्री, माझी लॅपटॉपची बॅग तिथे असते. पाहुणे कुणी विचारत नाहीत त्यांच्याबद्दल. मला चालतं.

जाता जाता चार सूचना

एक. निर्णय मिस्त्री हातोडा घेऊन उभा असताना घेऊ नका. त्या दिवशीची मजुरी चढत असते आणि जो मोठ्याने बोलतो त्याचं चालतं. यादी काम सुरू होण्याआधी पक्की करा.

दोन. यादी भिंतीवर चिकटवा आणि ठेवायच्या वस्तूंवर टेपने खूण करा. एका ओळखीच्या घरात रंगाऱ्याने चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा पॉलिश पेपरने छान घासून साफ केल्या. त्याला मळ वाटला. त्याची काय चूक? कुणी सांगितलंच नव्हतं. आणि नंतर नवरा-बायको मात्र एकमेकांना दोष देत बसले.

तीन. जे जाणार आहे त्याचे फोटो काढा, पण नीट. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत जुन्या वस्तू दान करण्याची मोहीम घेतली होती. काही ठिकाणी सांगितलं, वस्तू गोळा करा आणि द्या. काही ठिकाणी सांगितलं, आधी फोटो काढून ठेवा, मग द्या. फोटोवाल्या ठिकाणी ६१३ वस्तू आल्या, दुसरीकडे ५३३. फोटो असला की हात सोडणं थोडं सोपं जातं. पण नुसत्या ओट्याचा फोटो काढू नका. ओट्यापाशी उभ्या माणसाचा काढा. आमच्याकडे सासूबाईंचे लग्नाकार्यातले फोटो ढीगभर आहेत, ओट्यापाशी उभ्या असलेला एकही नाही. बाबांची ती गोष्ट मात्र मी या वेळी फोनवर रेकॉर्ड करून ठेवली.

चार. सगळं मिटेल अशी अपेक्षा ठेवू नका. गोदरेजचं कपाट अजून बेडरूममध्ये आहे, आणि रात्री अकराला त्याचं दार उघडलं की मी अजून दचकते. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही. पुढच्या दिवाळीच्या सफाईत पुन्हा विषय निघेल.

तर आज एवढंच. तुमच्या घरात कुठल्या वस्तूवरून वाजलं, आणि शेवटी तिचं काय झालं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. आणि घराचं काम काढणार असाल तर आज घरी गेल्यावर एक करा. टेप घ्या आणि जो माणूस तुमच्या ओट्यापाशी रोज उभा राहतो, त्याच्या कोपराचं माप घ्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!